सतरा घरांची यादी

आमच्या घरी चांगलं काही शिजलं की माय दार लोटून घ्यायची. तलावातले झिंगे असोत, लाखोरीच्या डाळीचे वडे असोत, नाहीतर पाहुणा आला म्हणून केलेली साधी कढी असो. वास बाहेर गेला तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर कोणीतरी विचारणारच, "काल काय होतं वो पानकराच्या घरी?" त्या विचारण्यात आपुलकी नसे, तपासणी असे. माझे बाबा गावच्या तलावाचे पानकर, म्हणजे तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यांना, वाटून देणारा माणूस. पाणी ज्याच्या हातात, त्याच्या ताटात लोक डोकावणारच. तसं आमच्या ताटात बघण्यासारखं काही नव्हतं. पाणी वाटायचं म्हणून प्रत्येक घर खळ्यावर ठरलेल्या पायल्या धान द्यायचं, त्यात कोणी पोचट दाणे मिसळायचं, कोणी पुढच्या साली देतो म्हणायचं, आणि बाबा भांडायचे नाहीत. भादव्यात धान साठवायची ढोली रिकामी व्हायची. मग मूठभर तांदळाची पातळ पेज आणि वर अंबाडीची भाजी, सकाळी तेच, संध्याकाळी तेच. एका वर्षी, ज्यांची धानशेती याच तलावावर, त्या श्रावणजींच्या सुनेनं माझ्या शाळेच्या फ्रॉकसाठी उरलेलं कापड दिलं. दोन दिवसांत गावात बोलणं सुरू झालं की श्रावणजींची बांधी यंदा लवकर भिजली, आता समजलं काहून. मायनं शिवलेला फ्रॉक उसवला, कापडाची घडी केली आणि परत नेऊन दिलं. त्या साली मी जुन्याच फ्रॉकला खालून पट्टी लावून शाळेत गेले. पट्टीचा रंग वेगळा होता आणि तो मला आजही आठवतो, पण सांगणार नाही. ती गोष्ट माझी आहे.

पाण्याचा नियम साधा होता. तलावावर सतरा घरं. पावसाळा सरला आणि धान गर्भात आला की शेवटच्या पाण्यासाठी तुडूम उघडायचं. तुडूम म्हणजे तलावाच्या पारीतलं, मातीच्या बांधातलं, पाणी सोडायचं तोंड. एकेका घराची पाण्याची पाळी. ज्याला मागच्या साली पहिलं पाणी मिळालं तो यंदा शेवटी जायचा आणि बाकीचे सोळा एकेक जागा पुढे सरकायचे. म्हणजे पहिली पाळी एका घराला सतरा वर्षांतून एकदा. लोक आयुष्य त्यावरून मोजायचे. आमची पहिली पाळी होती त्या साली आमच्या मोठीचं लग्न केलं, असं म्हणायचे. आणि पहिल्याच्या पुढच्याच साली शेवटचा नंबर. तलाव कमी भरला असेल तर शेवटच्याला गाळ आणि मासोळ्याच मिळायच्या. हा क्रम कुठे लिहिलेला नव्हता. तो बाबांच्या डोक्यात होता. सकाळी कडूनिंबाची काडी चावत ते अंगणात उभे राहायचे आणि सतरा नावं एका दमात म्हणायचे, पुढून मागे आणि मागून पुढे. मी लहानपणी ते देवाचं काहीतरी समजत होते. इतर घरांत आरती, आमच्या घरात नावं. गावाला नेमकी तीच गोष्ट सलायची. पानकराच्या डोक्यात काय बसलं आहे ते कोणी पाहिलं?

आमच्याकडे एक शेळी होती. माय तिला चांदी म्हणायची, कारण तिच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. बाबा भुरी म्हणायचे, कारण त्यांच्या लहानपणी घरी भुरी नावाची शेळी होती आणि त्यांना नवीन नाव शिकायचं नव्हतं. दोघांनीही माघार घेतली नाही. एकदा जनावरं मोजायला सरकारी माणूस आला. त्यानं मायला विचारलं, तिनं चांदी सांगितली. मग तलावावर जाऊन बाबांना विचारलं, त्यांनी भुरी सांगितली. त्यानं दोन शेळ्या लिहून नेल्या. पुढे कोणीतरी ते बघितलं आणि गावात झालं की पानकरानं एक शेळी लपवून ठेवली आहे, सानगडीच्या बाजारात विकली असेल. ही गोष्ट मी हसण्यासाठी सांगत नाही. पुढे ती कामाला येणार आहे.

मी साकोलीच्या कॉलेजात संगणक घेतला. गावातून सायकलनं सानगडी, तिथून बस. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि मुलगी तर नाहीच. माझा अभ्यासाचा संगणक काकाजींच्या घरी होता. काकाजी म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, घर दोन भिंती पलीकडे. त्यांचा मुलगा सुधाकर माझ्याच वयाचा. साकोलीचं एक इंटरनेटचं दुकान बंद पडलं तेव्हा त्यानं तिथला एक जुना संगणक आणला होता, लोकांचे अर्ज भरून द्यायला. दुपारी तो जेवून झोपला की यंत्र माझं. त्या यंत्रावर मी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी एक प्रोग्रामिंगची भाषा बनवली. भाषा म्हणजे नवीन काही नाही. 'ठेव', 'सांग', 'जर', 'जोवर' असे आपले शब्द, आणि ते एकेक ओळ वाचून संगणकाकडून करवून घेणारा दुभाष्या, ज्याला इंटरप्रिटर म्हणतात. तो मी सी भाषेत लिहिला. नाव ठेवलं बांधी. एका नावाच्या बांधीत एक गोष्ट ठेवायची, एवढंच तिला येत होतं.

प्रकल्प दाखवला तेव्हा आमच्या सरांनी तो दोनदा चालवून पाहिला आणि चष्मा काढला. त्यांचं नाव लिहीत नाही, आता ते निवृत्त आहेत आणि मला भेटले की चहा पाजतात. म्हणाले, इंटरनेटवरून उतरवलेलं दिसतं. मी म्हटलं, मी लिहिलं. ते म्हणाले, शहरातली मुलंसुद्धा हे लिहीत नाहीत. त्या वाक्यातल्या 'सुद्धा'चा मला राग आला होता, आणि अजून आहे. मग त्यांनी अट घातली. तुझी भाषा एका नावात एकच गोष्ट ठेवते ना? तिच्यात अ‍ॅरे घालून दाखव, म्हणजे एका नावात पूर्ण रांग. स्वतः लिहिलं असेल तर जमेल. उतरवलं असेल तर कुठे हात घालायचा तेही कळणार नाही. दिवाळीनंतर बघू. इतर मुली खाली बघत होत्या. त्यांनाही तसंच वाटत होतं, हे मला त्यांच्या मानांवरून समजलं.

दसऱ्याच्या सुट्टीत मी कामाला बसले. आधी दुभाष्याला चौकोनी कंस ओळखायला शिकवलं. मग कंसातला आकडा काढून रांगेतल्या त्या जागी जायला शिकवलं. मग त्या जागी नवीन वस्तू ठेवायला. नसलेली जागा मागितली की यंत्र सगळं सोडून बंद पडायचं, आणि सुधाकरचा अर्धा भरलेला अर्जही जायचा, म्हणून मी तपासणी घातली आणि भाषेकडून म्हणवून घेतलं, "इतक्या बांध्या नाहीत." सीमध्ये रांग शून्यापासून मोजतात. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "शून्यावी बांधी कोनाची?" म्हणून माझ्या भाषेत रांग एकापासून सुरू केली. शेवटी एक यादी दुसऱ्या नावाला द्यायची सोय केली: 'यंदा = मागची' लिहिलं की मागची यादी यंदाच्या नावाला मिळणार. ते दोन ओळींत झालं, आणि इतक्या सहज झालं याचा मला आनंद झाला. सहज झालेल्या कामाकडे तेव्हाच संशयानं बघायला हवं होतं. आमच्या घरात तर संशयाची कमी नव्हती.

आता चालवून बघायला यादी हवी. माझ्याकडे सतरा नावांपेक्षा चांगली यादी कुठली? मागच्या साली बाबा म्हणत असताना मी ती वहीत लिहिली होती: पहिले श्रावणजी, दुसरे आम्ही, तिसरे काकाजी, आणि पुढे सगळे. यंदा श्रावणजी शेवटी जाणार आणि आम्ही पहिले. सतरा वर्षांनी आमची पहिली पाळी आली होती. माझ्या जन्मानंतरची ती दुसरी. मायनं त्या पाण्यावर काय काय ठरवून ठेवलं होतं ते मला माहीत आहे, त्यात माझी शेवटच्या वर्षाची फी पण होती. पण पानकराचंच घर पहिलं म्हटल्यावर गाव काय म्हणेल, हेही मला माहीत होतं. म्हणून मी ठरवलं की यंदा कागद लावायचा. डावीकडे मागच्या सालचा क्रम, उजवीकडे यंदाचा. कोणीही यावं, बघावं. बाबा आधी नको म्हणाले. कागद लावला की लोक कागद वाचतात, माणसाला विचारत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पण माझं पोरपण आणि माझा कॉलेजचा तोरा, मी ऐकलं नाही. भाषेत लिहिलं: यंदा = मागची. मग यंदाच्या यादीतलं पहिलं नाव काढून शेवटी टाक. मग दोन्ही सांग. साकोलीच्या दुकानात छापून आणलं, बस सुटत होती म्हणून नीट न बघताच घडी घातली. बाबांना अक्षरं जुळवत वाचता येत होतं, पण त्यांनी वाचलंच नाही. माह्या पोरीनं केलं, एवढं म्हणून त्यांनी तो कागद मारुतीच्या देवळाच्या भिंतीला चिकटवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर गेले तर बायका गप्प झाल्या. संध्याकाळपर्यंत कळलं. कागदावर दोन्ही रांगा सारख्याच होत्या. मागच्या सालीही पहिले आम्ही, यंदाही पहिले आम्ही. मागच्या सालीही शेवटी श्रावणजी, यंदाही शेवटी श्रावणजी. आणि जो तो आपलं मागच्या सालचं नाव बघत होता, त्याला ते एक घर चुकलेलं दिसत होतं. बारावा अकरावा झाला होता, पाचवा चौथा. सतराही घरांना एकाच दिवशी पक्कं समजलं की पानकराचा कागद खोटा आहे. श्रावणजी आमच्या दारात आले. ते मोठ्यानं बोलणारे नव्हते, हळू बोलायचे आणि म्हणूनच जास्त लागायचं. मागच्या साली पहिलं पाणी मी घेतलं, म्हणाले, सारं गाव साक्षीला आहे. ज्या कागदात मागचं खोटं, त्यात यंदाचं खरं कसं मानायचं? आणि मग बाबांकडे न बघता म्हणाले, "इतके साल डोक्यात ठेवून होता तं आम्हाले पकडता नाही आलं. आता कागदावर आलं. बरं झालं." परवा पारीवर बैठक. पानकर बदलायचा, आणि पाळ्या चिठ्ठ्या टाकून नव्यानं लावायच्या. चिठ्ठ्या टाकल्या की आमची पहिली पाळी गेली, आणि बाबांची पंचवीस सालांची पानकरी चोर म्हणून गेली.  दुसऱ्या सकाळी अंगणात नावांचा आवाज आला नाही. काडी चावत उभे होते, तोंड बंद.

मी वही काढून बघितलं. वहीत क्रम बरोबर होता. म्हणजे मी यंत्रात बरोबर भरला आणि यंत्रानं चुकीचा सांगितला. वही दाखवून उपयोग नव्हता, अक्षर माझंच. आधी वाटलं, मी एकापासून मोजते आणि सी शून्यापासून, कुठेतरी एका घराची गफलत झाली. सगळे एकेकानं सरकले होते, त्यामुळे हे पटत होतं. काकाजींच्या घरी जाऊन ओळन् ओळ तपासली. मोजणी बरोबर होती. मग माझ्या मनात दुसरं आलं, आणि ते लिहायला मला आजही जड जातं. यंत्र कोणाच्या घरी? काकाजींच्या. बाबांनंतर पानकरी कोणाला मिळेल? काकाजींना. यंत्रावर माझ्यामागे कोण बसतो? सुधाकर. हे तीन प्रश्न मी एकामागे एक ठेवले आणि उत्तर तयार झालं. मी सरळ त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, तू माझ्या फाइलला हात लावला. तो कोणाचा तरी जातीच्या दाखल्याचा अर्ज भरत होता. 

"तुयी ते भाषा मले समजते का वो?" तो म्हणाला. "मले समजली असती तं मी लोकायचे फारम भरत बसलो असतो?"

मी म्हटलं, समजायला काय लागते, दोन नावं इकडचे तिकडे करायला. हे काकीनं चुलीपाशी ऐकलं. तिनं माझ्यासाठी ठेवलेला पोह्याचा वाडगा उचलून परत आत नेला. तो आवाज, पितळी वाडगा फळीवर ठेवल्याचा, मला अजून ऐकू येतो. घरी येऊन मायला सांगितलं तर ती म्हणाली, आजपर्यंत बाहेरचे आपल्यावर संशय घेत होते, आता तू घरात आणला. दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. भिंती दोनच होत्या मध्ये, तरी त्या दिवशी काकाजींच्या घरचं वरण फोडणीला पडलं ते परक्या गावात पडल्यासारखं वाटलं.

बैठकीच्या दिवशी सकाळी माय भात काढत होती आणि मी तिच्यासमोर नुसती बसले होते. बाहेरून बाबांचा आवाज आला, "भुरीचा कान फाटला वो, बाभळीत अटकली होती." माय हळद घेऊन धावली, आणि अंगणातून तिचा आवाज आला, "चांदे, माय माही, किती रगत निंगलं." मी दारात उभी राहून त्या शेळीकडे बघत होते. फाटला होता भुरीचा कान, आणि हळद लागत होती चांदीला. सरकारी माणसाच्या कागदावर त्या दोन होत्या. अंगणात एकच होती. मी तशीच काकाजींच्या घरी गेले. काकीनं अडवलं नाही. यंत्र चालू केलं आणि त्या दोन सहज झालेल्या ओळी उघडल्या. 'यंदा = मागची' म्हटलं की माझा दुभाष्या नवीन यादी बनवत नव्हता. तो त्याच यादीला दुसरं नाव देत होता. यंदाचं पहिलं नाव शेवटी टाकलं तेव्हा मागचंही शेवटी गेलं, कारण मागची वेगळी नव्हतीच. कोणी हात लावला नव्हता. मीच एका शेळीला दोन म्हणून कागद छापला होता. दुरुस्ती लहान होती: नवीन जागा घ्यायची आणि एकेक नाव जुन्या यादीतून नव्या यादीत उतरवायचं. लिहिलं, चालवलं. मागच्या यादीत पहिले श्रावणजी, यंदाच्या यादीत पहिले आम्ही. मी सुधाकरला शोधायला उठले तर तो माझ्या मागेच उभा होता. मी म्हटलं, चूक माझी होती. तो म्हणाला, ते तं मले कालच माहीत होतं. आजही कुठल्या लग्नात माझ्यासमोर जेवायला बसला की वाढप्याला सांगतो, हिले नीट वाढ रे बाप्पा, नाहीतर आपल्यावर येईल.

बाबांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं, शेळीचं उदाहरण त्यांना लगेच समजलं. मी म्हटलं, बैठकीत सांगा, मशीन बिघडली होती. तसं म्हटलं असतं तर निम्म्या गावानं मानलं असतं, मशिनी बिघडतातच. बाबा म्हणाले, "मशीनवर कायले ढकलू? मशीन गावात राह्यते का? चूक तुयी हाय तं तूच सांगजो."

पारीवर सतरा घरचे पुरुष बसले होते, बायका मोहाच्या झाडाखाली. तलाव अर्ध्याहून थोडा जास्त भरलेला, पाणी शेवटच्या घरापर्यंत पुरेल की नाही अशा पातळीवर. मी उभी राहिले. तोवर आमच्या बैठकीत मुलगी बोललेली मी पाहिली नव्हती. कागदातली चूक माझी, बाबांची नाही, असं म्हटलं आणि नवीन कागद पुढे केला. श्रावणजींनी तो हातात घेतला नाही. मुलगी बापासाठी खोटं बोलेल, बोललंच पाहिजे, ते म्हणाले. काल एक कागद, आज दुसरा, उद्या तिसरा आणशील. लोकांनी माना हलवल्या. आणि खरं सांगते, त्यांच्या जागी मी असते तर मीही हलवली असती. माझ्या शब्दाला काही किंमत नव्हती, बाबांच्या नव्हती, कागदाच्या नव्हती. चिठ्ठ्यांसाठी कोणीतरी टोपी काढली. तेव्हा माझी नजर तुडुमापाशी टेकवून ठेवलेल्या सब्बलीवर गेली.

तुडुमाचा दगड उचलायची ती लोखंडी सब्बल, म्हणजे पहार, गावाची. ज्याची पाळी, त्याच्या घरी ती राहायची. पाळी संपली की तो माणूस स्वतः पुढच्याच्या दारात जाऊन सब्बल टेकवायचा, तेव्हा पुढच्याची पाळी लागली. म्हणजे पूर्ण यादी एकट्या बाबांच्या डोक्यात असेल, पण प्रत्येकाला आपल्यामागचा आणि आपल्यापुढचा माणूस पक्का आठवत होता. तो विसरता येतच नाही. त्या सब्बलीची वाट बघत माणसं दारात बसून राहायची. मी म्हटलं, कागद राहू द्या, बाबांना विचारू नका, मलाही विचारू नका. मागच्या साली सब्बल कोणाकडून घेतली आणि कोणाला दिली एवढंच ज्यानं त्यानं सांगा. आणि श्रावणजींना विचारलं, पहिली कोणी उचलली?

"म्याच," ते म्हणाले.

"कोनाले देल्ली?"

 त्यांना समजलं होतं मी कुठे नेत आहे. "तुया बापाले," ते म्हणाले.

बाबांनी काकाजींचं नाव घेतलं. काकाजी बोलणं बंद झाल्यापासून पहिल्यांदा बाबांकडे बघून बोलले आणि पुढच्याचं नाव घेतलं. असं एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. नवव्याला आठवेना, तर त्याची बायको झाडाखालून म्हणाली, काहून आठवत नाही, सब्बल दारात ठेवताना माझी मडकी फोडली होती की त्यानं. लोक हसले. कागद मी माझ्याजवळ ठेवला नव्हता, तो श्रावणजींच्या समोर मातीवर खडा ठेवून उघडा टाकला होता, आणि ते न उचलता, वाकून, प्रत्येक नावावर बोट ठेवत होते. सतराव्यानं सब्बल कोणाला दिली विचारल्यावर तो म्हणाला, कोणाला देणार, पाणीच संपलं होतं, तुडुमापाशी आणून ठेवली. श्रावणजींचं बोट शेवटच्या नावावर आलं. ते सरळ बसले. म्हणाले, "मागचं बराबर हाय." मग तलावाकडे बघून म्हणाले, "यंदाचं मी डोळ्यानं पाह्यीन." ज्यानं टोपी काढली होती त्यानं ती परत डोक्यावर घातली.

आणि त्यांनी पाहिलं. आमची पाळी होती तो पूर्ण दिवस श्रावणजी आमच्या बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर छत्री घेऊन बसले. पाणी पाटातून किती बोटं येतं, बाबा मुद्दाम तोंड मोठं ठेवतात का, सूर्य कुठे आला की बंद करतात, सगळं बघत होते. मायनं दुपारी त्यांना भात आणि झिंग्यांची चटणी पाठवली. त्यांनी ताट परत केलं. पानकराच्या घरचं आज खाल्लं तर लोक बोलतील, असं म्हणाले. माय चिडली नाही. म्हणाली, माणूस खरा आहे. बाबांनी वेळ संपायच्या थोडं आधीच तुडूम बंद केलं. मला त्याचा राग आला, आमचं हक्काचं पाणी होतं. आज वाटतं, ते तेवढं पाणी त्यांनी स्वतःसाठी नाही, पुढच्या सतरा सालांसाठी सोडलं.

दिवाळीनंतर सरांनी प्रकल्प परत बघितला. चौकोनी कंस चालले, नसलेली जागा मागितल्यावर "इतक्या बांध्या नाहीत" आलं, तेव्हा ते थोडे हसले. तरी संशय गेला नव्हता, तो डोळ्यांत दिसत होता. हेही कोणाकडून करून घेतलं असेल. मी म्हटलं, सर, यात एक चूक झाली होती, आणि त्यांना पूर्ण सांगितलं, शेळी, कागद, सब्बल, सगळं.  ते म्हणाले, दुसऱ्याचं उतरवणाऱ्याकडून ही चूक होत नाही; त्याला ती दुरुस्त होऊनच मिळते. आणि वहीत खूण केली. म्हणजे ज्या चुकीनं गावानं आम्हाला चोर ठरवलं, त्याच चुकीनं कॉलेजात मी चोर नाही हे ठरलं. माझ्या हाताखाली आता मुलं काम करतात. कोणी पहिल्याच दिवशी बिनचूक काम आणून ठेवलं की मी ते दोनदा तपासते. त्यांना वाटतं, बाई फार संशयी आहेत. आहेच मी. पानकराची पोरगी आहे.

त्या साली तलावाचं पाणी सतराव्या घरापर्यंत, म्हणजे श्रावणजींच्या बांधीपर्यंत पोचलं. बाबा त्यानंतर बारा वर्षं पानकर राहिले, आणि दरवर्षी देवळाच्या भिंतीवर दोन रांगांचा कागद लागला, तो वाचून झाल्यावर सब्बलीनं तपासला गेला. माझ्या भाषेत यादी आली. मी पदवी घेतली, आमच्या घरातली पहिली.